एसयूव्हीचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलताना: पॅड सोपे, पिना अवघड

पुढचे ब्रेक पॅड बदलणे हे काम सोपे आहे, असे जो तो सांगतो. चाक काढा, खालचा बोल्ट सोडा, कॅलिपर (पॅडना डिस्कवर दाबणारा चिमटा) वर उचला, जुने पॅड काढून नवे बसवा, झाले. यात पॅड बदलतात हे खरे. पण ब्रेक दुरुस्त होतोच असे नाही. सहा महिन्यांत एका बाजूचा पॅड पुन्हा पत्र्यापर्यंत घासला जातो, घाट उतरताना गाडी एका अंगाला ओढते, आणि दोष जातो पॅडच्या कंपनीला. बहुतेक वेळा पॅडचा काही दोष नसतो. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या पिना अडकलेल्या असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघितलेलेच नसते. म्हणून या लेखात पॅडपेक्षा पिनांवर जास्त लिहिले आहे.

आधी गाडी कोणती ते बघा. क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन यांसारख्या गाड्यांत पुढे एका पिस्टनचा, आडवा सरकणारा कॅलिपर असतो. मी त्याविषयी बोलतोय. काही मोठ्या गाड्यांत एका कॅलिपरला दोन पिस्टन असतात. रीत तीच, फक्त दोन्ही पिस्टन एकाच वेळी मागे दाबावे लागतात. मागच्या चाकांना इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर ते प्रकरण वेगळे, हा लेख तिथे लावू नका.

पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, 3 मिमीपर्यंत आला की बदलायचे. नवीन पॅडवर साधारण 10 ते 12 मिमी असतो. बऱ्याच पॅडना एक पत्र्याची जीभ असते, ती डिस्कला लागून किरकिरायला लागते. किरकिरीऐवजी खरखर यायला लागली असेल तर पत्रा डिस्कवर घासतोय, आणि आता डिस्कचाही खर्च धरून ठेवा. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलतात. एकाच बाजूचे बदलणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

गाडी उचलणे

चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, मग जॅक. गाडीसोबत आलेला जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो; त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. जॅक स्टँड घ्या. विटा, जांभ्याचे चिरे, गाडीची स्टेपनी यांवर गाडी टेकवण्याचे सल्ले मी ऐकले आहेत. चिरा दिसतो दणकट, पण वजन एका कोपऱ्यावर आले की तो फुटतो, आणि फुटताना आगाऊ सूचना देत नाही. मातीच्या खळ्यात काम करत असाल तर जॅक आणि स्टँड दोन्हींखाली जाड फळी टाका, नाहीतर पाया खचतो.

चाक काढा. कॅलिपर बाहेरच्या अंगाला येईल असे स्टिअरिंग फिरवून ठेवा. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे कुठे काय बसते हे विसरलात तर दुसरी बाजू नमुन्याला शाबूत राहते.

टाकण्याआधी जुने पॅड वाचा

पॅड काढून लगेच डब्यात टाकू नका. आतला आणि बाहेरचा शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही सारखे झिजले असतील तर कॅलिपर नीट सरकतोय. आतला, म्हणजे पिस्टनच्या बाजूचा, बराच जास्त झिजला असेल तर कॅलिपर जागेवर अडकलाय. पिस्टन आपला पॅड दाबतो, पण बाहेरच्या पॅडला ओढून आणणारे कोणी नाही. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल तर दोनपैकी एक पिन जाम आहे, हे जवळपास ठरलेले. गॅरेजमध्ये काम करून घेतले तरी जुने पॅड मागून घ्या आणि हे बघा. पॅड कधी खोटे बोलत नाहीत, फोरमन बोलू शकतो.

काळी धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या किंवा कुठल्याही नावाच्या स्वस्त पॅडमध्ये काय मिसळलेय ते सांगता येत नाही. ब्रेक क्लीनर मारून ओली करा आणि चिंधीने पुसा.

पिना

इथे मी स्वतः बराच काळ अडकायचो, आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात.

"खालचा बोल्ट काढा आणि कॅलिपर वर फिरवा" हा जो लोकप्रिय उपाय आहे, त्यात वरची पिन जागची हलतही नाही. तिला न उघडता काम संपते. मग गंजते तीच. कोकणात पावसाळ्याचे चार महिने चिखलपाणी आणि बाकी आठ महिने खारा वारा, यात पिनेवरच्या रबरी बुटाला (टोपणाला) बारीक चीर पडली तरी पाणी आत जाते आणि पिन आपल्या भोकात हळूहळू धरते. म्हणून माझा नियम सोपा आहे: दोन्ही बोल्ट काढायचे, कॅलिपर पूर्ण बाजूला घ्यायचा, दोन्ही पिना बाहेर काढून हातात घेऊन बघायच्या. वेळ अर्धा तास जास्त लागतो. लागू दे.

बोल्ट सोडताना पिन सोबत गरगर फिरायला लागली तर पिनेच्या चपट्या बाजूंवर पातळ पाना धरून ठेवा आणि मग बोल्ट फिरवा. बोल्ट सुटले की कॅलिपर तारेने वर स्प्रिंगला टांगा. ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर त्याला लोंबकळत सोडणे हा गुन्हा समजा. नळी आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. या अवस्थेत कोणीही ब्रेक पेडलला पाय लावायचा नाही. घरात लहान मुले असतील तर गाडीचे दरवाजे बंद करून चावी खिशात घाला. पेडल दाबले गेले तर पिस्टन बाहेर येतो आणि सोप्या कामाचे अवघड काम होते.

आता पिन बोटांनी धरून आत-बाहेर करा. चांगली पिन पिचकारीच्या दट्ट्यासारखी चालते: हलकासा विरोध, पण अडखळणे नाही. जागची हलत नसेल तर हातोडा शोधू नका. पान्याने थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे अशी फिरवत राहा. बूट मागे सरकवून गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब टाका, थांबा, चहा घ्या, पुन्हा फिरवा. ओढायचे नंतर, आधी फिरवायचे. नुसती ओढाओढ केली की बूट फाटतो आणि पिन तिथेच राहते. तरीही आली नाही तर ब्रॅकेटचे (पिनांची भोके असलेल्या चौकटीचे) दोन मोठे बोल्ट काढून अख्खे ब्रॅकेट टेबलाच्या शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पकडा. चाकाच्या खोबणीत वाकून जे जमत नाही ते टेबलावर जमते. हे बोल्ट घट्ट असतात, लांब दांड्याचा पाना लागतो. आच देऊन पिन सोडवण्याची पद्धत आहे, पण ती घरी करू नका. ब्रेक क्लीनरची वाफ पेटते, आणि क्लोरीन असलेला क्लीनर तापला तर त्यातून विषारी वायू निघतो. एवढी धरलेली पिन असेल तर ब्रॅकेट घेऊन लेथवाल्याकडे जा.

बाहेर आलेली पिन पुसून उजेडात बघा. दोनपैकी एका पिनेच्या टोकाला अनेक गाड्यांत रबराची नळी बसवलेली असते. म्हणून वरची वर, खालची खाली. अदलाबदल केलीत तर कॅलिपर कधी खडखडेल, कधी अडेल, आणि कारण सापडायचे नाही. काढताक्षणी टेपचा तुकडा लावून 'व' आणि 'खा' लिहा. पिनेवर खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारून वेळ घालवू नका. पिन आणि बुटाचा संच स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो आणि पॅडच्या तुलनेत स्वस्त असतो. फाटलेला बूट तर बदलायचाच, 'चालेल' म्हणायचे नाही.

भोक आतून साफ करायला बाटली धुण्याचा बारीक ब्रश आणि ब्रेक क्लीनर पुरतो. जुने ग्रीस काळे, चिकट आणि घट्ट झालेले असते, ते सगळे निघाले पाहिजे. चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत करा. भोक घासून मोठे करायचे नाही.

आणि ग्रीस. या एका गोष्टीवर मी कोणाचे ऐकत नाही. पिवळे एपी-3 ग्रीस, चेसिसचे ग्रीस, इंजिन ऑइल, यांपैकी काहीही पिनांना लावायचे नाही. ही सगळी खनिज तेलाची आहेत आणि ब्रेकमधले रबर त्यांनी फुगते. टोकाची रबरी नळी फुगली की पिन भोकात आवळली जाते. म्हणजे जे ग्रीस तिने सरकावे म्हणून लावले, त्यानेच ती जाम होते. आठवड्यात सगळे मस्त चालते, त्यामुळे लावणारा खूश असतो. पुढच्या पावसाळ्यात कळते. खोबरेल तेल सुचवणारेही मला भेटले आहेत. सिलिकॉनचे किंवा खास ब्रेकसाठीचे सिंथेटिक ग्रीस घ्या, डब्यावर रबराला चालते असे लिहिलेले बघा. छोटी ट्यूब अनेक गाड्यांना पुरते.

लावायचे किती? पिनेवर चकाकी येईल इतका पातळ थर, बस. भोक ग्रीसने भरलेत तर पिन आत ढकलल्यावर परत बाहेर येते, कारण आत कोंडलेल्या ग्रीसला आणि हवेला जायला वाट नसते. पिन पूर्ण आत दाबून बुटाची कड बारीक स्क्रूड्रायव्हरने जराशी उचला, हवा फुस्सकन निघू द्या, मग कड पिनेच्या खाचेत बसवा. बूट सगळीकडून खाचेत बसलाय का, ते बोट फिरवून तपासा. दोन्ही पिना जिथे ठेवाल तिथे राहिल्या की हा टप्पा संपला.

ब्रॅकेटवरच्या पत्र्याच्या क्लिपाही काढा. त्यांच्या खाली गंज साचतो, क्लिप वर उचलली जाते आणि पॅडचे कान (दोन्ही टोकांना पुढे आलेले भाग) तिथे अडकतात. तारेच्या ब्रशने गंज खरवडा, फुगवटा असेल तर कानस फिरवा, नव्या क्लिपा लावा. नवा पॅड बोटाने ढकलून खाचेत सरकला पाहिजे. ठोकून बसवावा लागत असेल तर थांबा. पॅडचे कान कानसीने घासणारेही असतात. आधी खाच साफ करा.

पिस्टन मागे दाबणे

ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडा आणि पातळी बघा. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, पण काही ठिकाणी सर्व्हिसला ती प्रत्येक वेळी वर भरून देतात. मग पिस्टन मागे दाबला की जास्तीचे तेल टाकीतून ओसंडते आणि रंग खाते. आधीच सिरिंजने थोडे काढून ठेवा. सांडले तर लगेच पाणी मारा.

जुना पॅड पिस्टनवर धरून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. एका बाजूने वाकडा जाऊ देऊ नका. ब्लीडरचा, म्हणजे लाइनमधली हवा काढायचा, नट उघडून दाबा असे काही जण सांगतात. सवय नसलेल्या माणसाच्या हातून त्यात हवा शिरते आणि मग अख्खी लाइन ब्लीड करत बसावे लागते. नट बंद ठेवा, सावकाश दाबा. खूप जोर लावूनही पिस्टन हलत नसेल किंवा त्याच्या रबराखाली ओल दिसत असेल तर काम इथेच थांबवून कॅलिपर दुरुस्तीला द्या.

जोडणी

डिस्कवर 'मिन टीएच' असे लिहून किमान जाडी कोरलेली असते. तेवढीच उरली असेल किंवा खोल चरे असतील तर डिस्क बदला. पॅड बसवा, आवाज करणारी जीभ ज्या पॅडला होती त्याच जागी. कानांवर आणि पाठीवर ग्रीसचा नुसता पुसट हात, मसाल्याला बोट लागू द्यायचे नाही. कॅलिपर चढवा. बोल्ट टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याइतकेच आवळा. पिनांचे छोटे बोल्ट साधारण 25 ते 35 न्यूटन मीटरचे असतात, ब्रॅकेटचे त्याहून बरेच जास्त. छोट्यांवर मोठ्यांइतका जोर दिला की आटे गेलेच.

चाक लावा, दुसरी बाजू करा. मग गाडी सुरू न करता पेडल हळूहळू दाबत राहा, कडक होईपर्यंत. पहिले काही दाब रिकामे जातील, पेडल थेट खाली जाईल; घाबरू नका, पण हे केल्याशिवाय गाडी जागची हलवू नका. टाकीतले तेल खुणेपर्यंत आणा. सील असलेल्या नव्या बाटलीतलेच, टाकीच्या झाकणावर डीओटी 3 किंवा 4 जे लिहिले असेल ते. महिनोन्‌महिने उघडी पडलेली बाटली वापरू नका, हे तेल हवेतली ओल शोषते. डीओटी 4 कोरडे असताना किमान 230 अंशांना उकळते, ओल शिरल्यावर हा आकडा 155 पर्यंत उतरतो. कुंभार्ली किंवा आंबा घाट भरल्या गाडीने उतरताना हा फरक पायाला जाणवतो.

मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 च्या आसपास जाऊन वेग 10 पर्यंत आणा, मध्यम दाबाने. असे आठ-दहा वेळा, मधे थोडी गाडी चालवून ब्रेक गार होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून थांबून राहू नका, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे पेडल थरथरते. पहिले काही दिवस घाट टाळा.

आठवडाभराने चाकाचे नट पुन्हा आवळून बघा. त्याच फेरीत घरी आल्यावर ब्रेक फार न वापरता दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा, डिस्कला न शिवता. दोन्हीकडे सारखी ऊब हवी. एकीकडे झळ लागत असेल तर त्याच बाजूचे चाक पुन्हा काढा आणि वरच्या पिनेपासून सुरुवात करा.