कूपनने पैसे खरंच वाचतात का? हिशेब असा मांडा

बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी छापलेली असते, एसी सर्व्हिसिंगवर किंवा फेशियलवर ती नसते. त्यामुळे ‘1,200 चं काम फक्त 499 मध्ये’ यातला 1,200 हा आकडा कूपन काढणारा स्वतःच ठरवतो. तो मनातून काढून टाका. त्याच दुकानात फोन करा, कूपनचं नाव काढू नका आणि विचारा, “दीड टनाच्या स्प्लिट एसीचं सर्व्हिसिंग केवढ्याला करता?” आणखी दोन ठिकाणी विचारा. सगळ्यात कमी जो भाव मिळेल, त्याच्याशी कूपन ताडून पाहा.

समजा, वर्षभरात तीन सर्व्हिसिंगचं कूपन 1,499 रुपयांना आहे आणि तुमचा नेहमीचा मेकॅनिक एका वेळचे 600 घेतो. तीन वेळचे 1,800, म्हणजे 301 रुपये वाचले असं वाटतं. आता कूपनखालची बारीक ओळ वाचा. ‘जीएसटी वेगळा’ असेल तर 18 टक्के धरून किंमत 1,769 होते आणि बचत उरते 31 रुपये. तिसरी सर्व्हिसिंग करून घ्यायची राहून गेली, तर उलट 569 रुपये जास्त गेले. म्हणून कूपनवर किती वेळा लिहिलंय ते धरू नका, गेल्या वर्षी तुम्ही खरोखर किती वेळा करून घेतली त्याने कूपनची किंमत भागा.

एसीच्या कूपनमध्ये खरी गोम गॅसची असते. सर्व्हिसिंग स्वस्तात होते आणि मग वाक्य येतं, “गॅस कमी आहे, भरावा लागेल.” इथे सगळी बचत एका फटक्यात जाते. एसीतला गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न काढता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. तेव्हा आधी फिल्टर आणि कॉइल धुऊन घ्या आणि एसी 15-20 मिनिटं चालवून बघा. कॉइल मळली असली तरी गारवा कमी होतो, कधी बर्फही धरतो. तरीही गॅसच म्हणाला तर गळती दाखवायला सांगा. आउटडोअर युनिटला तांब्याच्या नळ्या जिथे नटने जोडलेल्या असतात तिथे तेलकट डाग दिसतो का पाहा, साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे येतात का पाहा. काहीच दाखवता आलं नाही, तर त्या दिवशी गॅस भरू नका.

पार्लरच्या ‘5,000 भरा, 6,500 ची सेवा घ्या’ पॅकेजची सूट 30 टक्के वाटते, पण ती 23 टक्केच असते, कारण 1,500 ला 6,500 ने भागायचं. शेवटी 1,300 शिल्लक राहून मुदत संपली तर 5,200 च्या सेवेला तुम्ही 5,000 मोजलेत, म्हणजे सूट जेमतेम 4 टक्के. ही व्हाउचर एकाच दुकानात चालतात, रिझर्व्ह बँकेच्या प्रीपेड नियमांत ती येत नाहीत. दुकानाला कुलूप लागलं तर पैशांमागे तुम्हालाच फिरावं लागतं. म्हणून पार्लर कितीही ओळखीचं असो, दोन-तीन महिन्यांत वापरून संपेल एवढीच रक्कम भरा. बिलावरचा करही बघा: 22 सप्टेंबर 2025 पासून सलून-पार्लरच्या सेवेवर जीएसटी 18 ऐवजी 5 टक्के आहे.

हॉटेलच्या व्हाउचरवर ‘किमान बिल’ किती ते वाचा. 300 ची सूट मिळावी म्हणून 400 चं जास्त मागवलं जातं. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो काढायला सांगा. जुलै 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तो सक्तीचा नाही.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: शेवटची तारीख, शनिवार-रविवारी चालतं का, व्हाउचर दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, आणि अपॉइंटमेंट मिळालीच नाही तर पैसे परत मिळतात का. तोंडी “हो हो, होऊन जाईल” नंतर उपयोगी पडत नाही. अपॉइंटमेंटची तारीख मागूनही मिळत नसेल, तर मुदत संपण्याआधी तशी विनंती लेखी पाठवा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पैसे अडकलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.