दीर्घायुषी, धर्मनिष्ठ आईचा स्मृतिलेख कसा लिहावा

वर्षश्राद्धाला आप्तेष्टांच्या हाती आईची छोटी स्मरणिका द्यावी असे घरात ठरते, तेव्हा पहिला मसुदा बहुधा ‘प्रेमळ, सोशिक, धर्मपरायण’ या शब्दांनी भरतो. हे शब्द खोटे नसतात, पण शेजारच्या घरातल्या आईलाही ते तितकेच लागू पडतात. म्हणून लेखाला बसण्यापूर्वी एवढे मनाशी ठरवावे की, तिची श्रद्धा तिच्या रोजच्या वागण्यातून दाखवायची आणि विशेषणे शक्य तितकी टाळायची.

आरंभ नाव आणि तारखांपासून करावा. त्या पिढीतील पुष्कळ स्त्रियांचे नाव लग्नात तांदळांत नवे लिहून बदलले गेले, त्यामुळे शाळेचा दाखला एका नावाचा आणि रेशनकार्ड दुसऱ्या नावाचे असू शकते. लेखात दोन्ही नावे द्यावीत, कारण माहेरची माणसे तिला पहिल्याच नावाने ओळखतात. जन्मतारखेऐवजी तिथीच ठाऊक असेल तर शालिवाहन शकात 78 मिळवावेत, म्हणजे शके 1858 च्या ज्येष्ठातील जन्म 1936 सालचा ठरतो. मात्र फाल्गुनासारखे महिने पुढच्या इंग्रजी वर्षात पडत असल्याने तेथे 79 मिळवावे लागतात. इतर प्रसंगांची साले शहराच्या आठवणींवरून लागतात. ती लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा ट्राम धावत होती का, असे विचारले की काळ मार्च 1964 च्या अलीकडचा की पलीकडचा हे कळते. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेला गिरणी संप आणि 26 जुलै 2005 चा पाऊस यांचाही असाच उपयोग होतो.

लेखाचा गाभा मात्र तिच्या भक्तीचा आहे, आणि त्यासाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा. ती पूजा किती वाजता करीत असे आणि त्याच वेळी का, हे विचारावे. चाळीत पहाटे नळाला पाणी येई, तेव्हा आधी हंडे, मग आंघोळ, मग देव, असा क्रम ठरलेला असे; हा क्रम लिहिला की तिची निष्ठा निराळी सांगावी लागत नाही. एकादशीला तिचा उपास असताना बाकीच्यांचा स्वयंपाक कोण करीत असे? आषाढीला ती वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराच्या रांगेत कोणाबरोबर उभी राहत असे, आणि पाय चालेनासे झाल्यावर तिने त्या दिवसाचे काय केले? शेवटचा प्रश्न दीर्घायुष्याच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण पंचविशीतल्या सुनेची भक्ती आणि पंच्याऐंशीतल्या आजीची भक्ती सारखी राहत नाही. काही व्रते सुटतात, काही सोवळी सैल होतात, आणि एखादा हरिपाठ अंथरुणावर पडूनही चालू राहतो. तिची पोथी हाताशी असल्यास ती उघडून पाहावी. हळदी-कुंकवाचे डाग आणि झिजलेले कोपरे जेथे अधिक आहेत, तो अध्याय तिच्या नित्यपाठातला असण्याची शक्यता मोठी, आणि त्याविषयी घरातल्यांना विचारता येते. तिच्या हस्ताक्षरातील आरत्यांची वही सापडली तर तिच्या एका पानाचे छायाचित्र स्मरणिकेत अवश्य द्यावे.

माहिती एकाच मुलाकडून घेऊ नये. थोरल्याने तरुण आई पाहिलेली असते, धाकट्याने थकलेली. सुनेला स्वयंपाकघरातली आई ठाऊक असते, आणि हळदी-कुंकवाला येणाऱ्या शेजारणीला अशा गोष्टी ठाऊक असतात ज्या मुलांना कधीच सांगितल्या गेल्या नाहीत. शक्य झाल्यास शेजारणीला सर्वांत आधी भेटावे, कारण तिचेही वय झालेले असते.

पत्नी म्हणून तिच्याविषयी लिहिताना हात आखडतो. वडिलांचे नाव ती एरवी घेत नसे, पण मंगळागौरीला किंवा बारशाला घेतलेला तिचा उखाणा कोणाच्या तरी पाठ असतो. तो शोधून जसाच्या तसा द्यावा. मतभेद झाले असतील, वडिलांची नोकरी गेली असेल, तिने खाणावळ चालवून किंवा शिवण घेऊन घर सावरले असेल, तर तेही स्पष्ट लिहावे. तिच्या कष्टांना केवळ त्याग म्हणून गौरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या कष्टांत तिचे हिशेब होते, निर्णय होते आणि कधी कधी देवावरचा रागही होता.

लेख चार छापील पानांपेक्षा मोठा नसावा. छपाईपूर्वी तो घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावा आणि नाती, गावांची नावे, तिथी पुन्हा तपासून घ्याव्यात. काही प्रती मोठ्या टायपात छापून घ्याव्यात, म्हणजे तिच्या वयाच्या मैत्रिणींना त्या स्वतः वाचता येतील.