ग्राफिक कार्ड घ्यायच्या आधी डबा उघडून पाहा

राजेहो, नागपूरहून सेकंडहँड ऑफिसवाला पीसी आणला, मग कार्ड आणलं, अन् घरी समजलं का सप्लायला (पीसीला वीज देणारा भाग, पॉवर सप्लाय) कार्डाची वायरच नाही. गेलं एसटीचं भाडं!

म्हणून आधी प्लग काढा, झाकण उघडा अन् सप्लायच्या स्टिकरचा फोटो काढून दुकानात न्या. टोटल वॅटवर जाऊ नका, स्टिकरवरचे १२ व्होल्टचे अँपिअर गुणिले १२, तेवढेच वॅट कार्डाच्या कामाचे. ६ किंवा ८ पिनची मोकळी वायर नसंल तर बिनावायरचंच कार्ड घ्या, जीटीएक्स १६५० मध्ये तसे मॉडेल येतात, ते नुसत्या स्लॉटच्या (मदरबोर्ड म्हणजे मुख्य बोर्डावरची कार्ड बसवायची खाच) विजेवर चालतात, अन् स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देते. साटाच्या (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या) वायरीला कन्व्हर्टर लावायचा जुगाड मात्र करू नका, वायर वितळते. सप्लायच बदलायचा असंल तर मदरबोर्डच्या प्लगच्या पिना मोजा, ब्रँडेड डब्यात २४ च असतीन असं नाही.