फिशटँकचं पाणी मोरीत नको, कुंडीत

उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की फिशटँकचं पाणी मोरीत ओतताना जिवावर यायचं. त्यात पाणी बदललं तरी दोन-चार दिवसांत पुन्हा गढूळ, आणि गोल्डफिश वर येऊन तोंडाची उघडझाप करत बसलेले. दुकानदाराचा सल्ला एकच: सगळं पाणी काढा, टँक घासून काढा. मला तो काही पटला नाही.

मासे अमोनिया सोडतात, आणि तो साचला तर त्यांनाच विषारी. फिल्टरच्या स्पंजातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. स्पंज नळाखाली धुतला की क्लोरिनने हेच जिवाणू मरतात आणि अमोनिया साचतो. म्हणून आता आठवड्याला पाव टँकच पाणी पाइपने तळाशी खडे ढवळत ओढतो, आणि त्यातल्याच एका बादलीत स्पंज पिळतो. काळपट, शेवाळी वासाचं पाणी निघतं. दिसायला किळसवाणं, पण जास्वंदीला आणि मनी प्लँटला तेच घालतो, कारण नायट्रेट म्हणजे झाडांचं खतच. कच्च्या खायच्या कोथिंबिरीला मात्र नाही.

नवं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवतो, म्हणजे क्लोरिन उडतं. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनियाचं न उडणारं संयुग) असेल तर नुसतं ठेवून भागत नाही, डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरिन घालवणारं द्रावण, लागतंच. पाणी तपासायच्या पट्टीवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं. नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर गेलं की पाणी जरा जास्त काढतो. आणि खाणं कमी केलंय. गोल्डफिश भारी खादाड, टाकाल तितकं खातात.

मीठ किंवा औषध घातलेलं पाणी तेवढं अजूनही मोरीतच जातं.