६० कार्डांकडून कमांडरकडे आलात? टोळीचा डेक घेऊन बसण्याआधी हे वाचा

मी पण तिकडूनच आले. कितीतरी वर्षं ६० कार्डांचा डेक, समोर एकच माणूस, २० लाइफ, गॉब्लिन घेऊन सुटायचं आणि समोरचा सावरायच्या आत खेळ खल्लास, मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ म्हणजे माझ्यासाठी एवढंच होतं. मग कमांडरमध्ये, म्हणजे याच खेळाच्या बहुधा चौघांनी खेळायच्या प्रकारात आले आणि सुरुवातीला नुसता मार खाल्ला, कारण टेबल बदललं होतं पण सवयी सगळ्या तिकडच्याच. नवीन येणारे बरेचजण टोळीचाच डेक घेऊन येतात, म्हणजे एकाच जातीचे जीव, सगळे एल्फ किंवा सगळे झॉम्बी किंवा सगळे ड्रॅगन, आणि त्यात काही चूक नाही, हजारो कार्डांतून निवडायला निदान एक धागा तरी मिळतो. (कंपनीने कार्डांवरचा ट्रायबल हा शब्द सोडून आता किंड्रेड केलाय, पण टेबलावर अजून सगळे ट्रायबलच म्हणतात, दोन्ही ऐकू आलं तर गोंधळू नका.)

कागदपत्रं पटकन उरकून घेऊ. कमांडर (डेकचं म्होरकं कार्ड) धरून १०० कार्डं, बेसिक लॅन्ड (कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा, म्हणजे माना, देणारी साधी कार्डं) सोडून प्रत्येक कार्ड एकच, ४० लाइफ, कमांडरच्या कार्डावर नसलेला रंग डेकमध्ये चालत नाही. कमांडर मेला तर परत आणता येतो पण दरवेळी २ माना जास्त, आणि एकाच कमांडरकडून तुम्हाला २१ कॉम्बॅट डॅमेज बसला की लाइफ कितीही असू दे, तुम्ही बाहेर.

आता हिशोब बघा. तिकडे २० लाइफ संपवायचं होतं, इकडे समोर तिघं, प्रत्येकी ४०, म्हणजे १२०. एवढं लाइफ घाईघाईने संपत नाही, आणि घाई केलीत की तिघंही तुमच्याकडेच वळतात.

माझा पहिला डेक एल्फचा होता, त्यात ४५ क्रीचर (लढणाऱ्या जीवांची कार्डं), कारण एवढे गोड एल्फ, कुठला सोडायचा? पाचव्या टर्नला हातातलं सगळं टेबलावर, मी एकदम खूश, आणि डावीकडच्याने शांतपणे रॅथ ऑफ गॉड टाकलं. ४ माना, सगळे क्रीचर खलास. होत्याचं नव्हतं झालं, हात रिकामा, आणि पुढचा तासभर मी इतरांचा खेळ बघत बसले. बोर्ड वाइप, म्हणजे असं टेबल साफ करणारं कार्ड, इकडे अपवाद नाही, येणारच असं धरूनच खेळायचं. म्हणून निम्मेच क्रीचर टेबलावर ठेवा, बाकीचे हातात राहू द्या. माझा आत्ताचा एल्फ डेक म्हणजे साधारण ३६-३७ लॅन्ड, क्रीचर तिशीच्या आसपास, आणि उरलेल्यात माना वाढवणारी, कार्ड ड्रॉ देणारी आणि बचावाची कार्डं. हिरवा रंग असेल तर हिरोइक इंटरव्हेन्शन, ते त्या टर्नपुरती आपली कार्डं नष्ट होऊ देत नाही; काळा असेल तर किंड्रेड डॉमिनन्स, म्हणजे वाइप तुम्हीच करायचा आणि आपली टोळी तेवढी शाबूत. व्हँक्विशर्स बॅनर ५ मानाला महाग वाटतं पण टोळीचा प्रत्येक क्रीचर कास्ट केला की एक कार्ड मिळतं, वाइपनंतर उभं राहायला तेच कामाला येतं.

तिकडे एकाच लॉर्डच्या चार कॉपी टाकायचो, म्हणजे आपल्या टोळीला +१/+१ देणारं कार्ड. इकडे एकच कॉपी, त्यामुळे टोळी खोल हवी. एल्फ, गॉब्लिन, झॉम्बी यांचं काही अडत नाही, एकापाठोपाठ एक लॉर्ड सापडतात. तुमची टोळी लहान असेल तर २००७ च्या लॉरविनपासून आलेले चेंजलिंग बघा, ते एकाच वेळी सगळ्या टोळ्यांचे असतात. भरतीला छान, पण डेकमध्ये तेच जास्त झाले तर मग टोळी कसली ती.

कमांडर निवडताना तो एकाला मारतो की तिघांना, हे बघा. एल्फची कमांडर लॅथ्रिल टॅप करून (कार्ड आडवं करून वापरायचं) सोबत १० एल्फ टॅप केले की प्रत्येक विरोधकाचे १० लाइफ जातात आणि तुम्हाला १० मिळतात, हल्ला न करता. क्रेंको मॉब बॉस जितके गॉब्लिन आहेत तितकेच अजून आणतो, १ चे २, २ चे ४, ४ चे ८, आणि तिथपर्यंत कोणीतरी त्याला मारतंच, म्हणून त्याला बूट-ढाल काहीतरी द्या. एडगर मार्कोव्ह तर टेबलावर न येताच व्हॅम्पायर टोकन (डेकमधलं कार्ड न वापरता मिळणारे जीव) देत राहतो, मजा येते, पण पहिल्या टर्नपासून सगळ्यांचा डोळा तुमच्यावर.

कोट ऑफ आर्म्स हे कार्ड टेबलावर जितके भाईबंद तितका प्रत्येक क्रीचर मोठा करतं, पण ते सगळ्यांना लागू होतं हे मी विसरले होते. माझे सात एल्फ फुगले खरे, पण समोर बाराएक झॉम्बी टोकन बसलेले, ते त्याहून फुगले आणि पुढच्याच टर्नला माझ्यावर आले. हात दाखवून अवलक्षण. टाकायचंच असेल तर त्याच टर्नला गेम संपवता येत असेल तेव्हाच टाका.

आणि खेळ सुरू व्हायच्या आधी डेक किती जोरदार आहे ते सरळ सांगा, हल्ली १ ते ५ ब्रॅकेट आहेत त्यात बोललात की पुरतं. ताकाला जाऊन भांडं लपवलंत तर पुढच्या वेळी कोणी बसवून घेणार नाही. स्लिव्हर (एकमेकांना ताकद देणारी टोळी) घेऊन आलात तर मात्र ब्रॅकेट काहीही सांगा, पहिला हल्ला तुमच्यावरच होणार.