जुन्या शेडच्या जागेवर फ्लॅट बांधताय? निदान या चुका तरी टाळा

गेली सोळा वर्षं मी माती तपासतोय. शेतातली नाही, खतासाठी एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) काढून देणारे वेगळे. जिथं आधी कारखाना होता तिथं आता घरं व्हायची असतील तर खाली काय मुरलंय ते बघायचं, हे माझं काम. सांगली-मिरज-कुपवाडकडं गाव वाढत वाढत जुन्या शेडांच्या दारात येऊन टेकलंय, मालकांची पोरं पुण्याला, शेडला कुलूप, आणि जागेला सोन्याचा भाव. मला फोन मात्र येतो कधी, तर बुकिंग सुरू झाल्यावर. ब्रोशरवर स्विमिंग पूल छापून झाला की मग माती आठवते.

त्याच त्या चुका बघून वीट आलाय म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

"वरनं मुरूम टाकला की झालं"

ही सगळ्यांची लाडकी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

एका जागेवर पूर्वी क्रोम प्लेटिंगची, म्हणजे धातूवर क्रोमियमचा मुलामा चढवायची, शेड होती. जागा कुठली, बिल्डर कोण ते विचारू नका. शेड पाडली, वरची फूटभर माती खरवडून कुठंतरी नेऊन टाकली (कुठं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही), वर दोन फूट मुरूम पसरून रोलर फिरवला. मी म्हटलं, शेठ, प्लेटिंगचे हौद कुठं होते तेवढं दाखवा, तिथं खाली जाऊन बघू. तर म्हणाले, "अहो साहेब, दोन फूट मुरूम हाय वर, आता काय वर येतंय?" जानेवारी होता, सगळं कोरडं ठणठणीत. मी लेखी पत्र दिलं आणि घरी आलो. ही माझी सवयच आहे, तोंडी सांगितलेलं पावसाळ्यात कुणालाच आठवत नाही.

जुलैमध्ये लिफ्टचा खड्डा काढला, त्यात पाणी साठलं, आणि ते पाणी पिवळं. आता सांगलीत पिवळं पाणी बघून कोण दचकणार? मुकादम म्हणाला, "शेजारी हळदीचं गोडाऊन हाय न्हवं, तिकडनं धुऊन आलं असंल." अरे बाबा, हळद पाण्यात विरघळत नाही, गढूळ होते आणि तळाला बसते. हे पाणी काचेसारखं नितळ होतं आणि तरी पिवळं होतं. हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी आणि पाण्यात विरघळणारं रूप. दोन माणसं त्यात पोटरीभर उभी राहून पंप लावत होती, संध्याकाळपर्यंत पायाला खाज सुटून चट्टे उठले. तेव्हा मला फोन.

हे होतं कसं ते समजून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हौद गळका असला की वर्षानुवर्षं ते पाणी भेगांतनं सरळ खाली मुरमापर्यंत जातं. पावसात माती फुगते, भेगा मिटतात, वरनं बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. हौदातला विषारी माल मात्र खाली मुरूम आणि कातळाच्या सांध्यात बसलेला असतो. मग जमिनीतलं पाणी चढायला लागलं की तो पाण्याबरोबर वर येतो. तुम्ही टाकलेला मुरूम वरचं पाणी अडवत नाही, खालचं तर अजिबातच नाही, मुरूम म्हणजे चाळण. २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. अशा वेळी नदीकाठच्या भागात तुमच्या जागेत नदीचं पाणी शिरलं नाही तरी जमिनीच्या पोटातलं पाणी चढतंच की.

अमेरिकेत नायगारा फॉल्सला लव्ह कॅनाल म्हणून जागा आहे, तिथं हेच झालं. केमिकल कंपनीने जुन्या कालव्यात कचरा पुरला, वर चिकणमाती टाकली आणि १९५३ मध्ये ती जागा एका डॉलरला शाळेच्या बोर्डाला देऊन टाकली. पुढं शाळा झाली, घरं झाली, गटारं आणि रस्ते काढताना वरचं झाकण फुटलं, पाणी आत जाऊन हौदासारखं भरलं आणि तळघरांत पाझरायला लागलं. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून लोक हलवावे लागले. म्हणजे चिकणमातीचं झाकणही टिकलं नाही, आणि आपण मुरमावर निर्धास्त.

मी काय करतो सांगतो, ही पद्धत वगैरे नाही, सवय आहे. आधी मशीन नाही, जुना कामगार शोधतो. चहा पाजायचा आणि विचारायचं, मामा, हौद कुठं होता, गाळ कुठं टाकायचा, मोरीचं पाणी कुठं जायचं. अर्ध्या तासात जे कळतं ते तीस सॅम्पलमध्ये कळत नाही. मग जेसीबीने चर मारायचा, मुरूम लागेपर्यंत, आणि काळी माती संपून मुरूम सुरू होतो तिथली माती हमखास घ्यायची. वरच्या वितीतली माती घेऊन रिपोर्ट काढणं म्हणजे पेशंटचा शर्ट तपासणं.

आणि हो, त्या शेठनी नंतर काय केलं? कुणीतरी सांगितलं की हिराकसाने क्रोमियम मरतं. बरोबर आहे ते, फेरस सल्फेटने हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट होतं, ते फारसं विरघळत नाही आणि विषारीही बरंच कमी. पण यांनी द्राक्षबागेला टाकतात तशी खताच्या दुकानातली पोती आणून वरनं भुरभुरली! खाली आठ फुटांवरच्या मालाला त्याचं काय? ते मातीत नीट कालवावं लागतं, ओल लागते, मग थांबून परत तपासायचं, कारण मातीत मँगनीजचे ऑक्साइड असले तर थोडं क्रोमियम उलटं फिरून परत हेक्साव्हॅलंट होऊ शकतं. वर सल्फेट जास्त झालं की फाउंडेशनचं काँक्रीट खातं, म्हणजे स्ट्रक्चरलवाल्याला विचारल्याशिवाय तेही नाही. हे सगळं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. सगळ्यांना एका दिवसात होणारं औषध पाहिजे.

दुसऱ्या एका ठिकाणी तर वास येतो म्हणून कंत्राटदाराने टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर मारली होती. ब्लीचिंग हे ऑक्सिडायझर, त्याने बरं असलेलं क्रोमियम परत वाईट होऊ शकतं. आणि जुन्या प्लेटिंगच्या जागेत धुवायला म्हणून ॲसिड तर चुकूनही ओतू नका, तांबं-जस्ताच्या प्लेटिंगला सायनाइड वापरायचे, त्यावर ॲसिड पडलं तर जो गॅस निघतो तो माणूस मारतो.

दहा ठिकाणची माती कालवून एक सॅम्पल

पैसे वाचतात, कबूल. पण हिशोब बघा. जुनी बॅटरी फोडायची शेड, एका कोपऱ्यात किलोला २००० मिलिग्रॅम शिसं, बाकी नऊ ठिकाणी ५०. सगळं एका घमेल्यात कालवलं की येतं २४५. अमेरिकेत घराच्या अंगणातल्या मातीला शिशाचा ४०० चा आकडा धरायचे, २०२४ मध्ये तो २०० वर आणला. म्हणजे जुन्या आकड्याने तुमची जागा पास! पोरगं खेळणार मात्र त्या २००० वाल्या कोपऱ्यात, कारण आर्किटेक्टने घसरगुंडी तिथंच दाखवलीय. कालवायचंच असेल तर एका शेडचं त्याच शेडमध्ये कालवा, हौदाचं आणि फाटकाजवळचं एकत्र करू नका.

याच्या उलटी चूकही बघितलीय. रिपोर्टात एकूण क्रोमियम किलोला दीडशे मिलिग्रॅम आलं म्हणून मालक घाबरला आणि सगळी माती रांजणगावला घातक कचऱ्याच्या साइटवर पाठवायला निघाला. अहो, आपली माती बेसाल्टची, तिच्यात क्रोमियम, निकेल, तांबं जन्मजातच जास्त असतं. शेजारच्या कधीच कारखाना नसलेल्या रानातली माती आधी तपासा, तिथंही तेवढंच आलं तर ते देवाने टाकलंय. आणि लॅबला हेक्साव्हॅलंट वेगळं काढायला सांगा, नुसत्या एकूण आकड्यावर घाबरूही नका आणि खूशही होऊ नका.

आता बारीकसारीक.

एसबीसी रिपोर्ट म्हणजे माती वजन किती पेलते त्याचा रिपोर्ट, तो दाखवून "माती तपासलीय साहेब" म्हणू नका. एनए (बिगरशेती) झालंय म्हणजे जागा स्वच्छ आहे असंही नाही, तो कागद महसूलचा. जुलै २०२५ पासून प्रदूषित जागांचे वेगळे केंद्रीय नियम आलेत, संशयित जागा आधी कळवायची, मग प्रदूषण मंडळाची प्राथमिक आणि सविस्तर तपासणी, ते वाचा तरी एकदा.

सॉल्व्हंटचा (थिनरसारख्या उडून जाणाऱ्या केमिकलचा) संशय असेल तर माती प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, काचेची बाटली, गच्च भरून, बर्फात. पिशवीत आणलं की लॅबमध्ये येईपर्यंत उडून गेलेलं असतं आणि तुम्ही पेढे वाटता.

सिमेंटचे जुने पत्रे वरनं ढकलून फोडू नका, ॲसबेस्टॉस आहे त्यात, त्याचे तंतू श्वासातनं फुप्फुसात जातात. पाणी मारा, अख्खे उतरवा.

वाळा लावून जमीन शुद्ध करणारे व्हिडिओ मलाही येतात. वाळा चांगला आहे, पण वर्षं लागतात, मुळं जातात तेवढीच खोली, आणि ते गवत कापून शेजारच्या गोठ्यात दिलंत तर झालंच कल्याण.

खोदलेली माती वीटभट्टीला किंवा रानात भर घालायला देणाऱ्यांशी मी बोलणंच बंद केलंय.

बोअर. सोसायटी झाली की लोक बोअर मारतातच, आणि पैसे वाचवायला केसिंग (बोअरच्या भोकात बसवायचा पाइप) जेमतेम मुरमापर्यंत. म्हणजे वरचा माल कातळातल्या पाण्यात सोडायला तुम्हीच सरळ पाइप घातला. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, डोळ्याला पिवळेपणा दिसायच्या कितीतरी आधीच ती ओलांडलेली असते. त्यामुळं "पाणी तर स्वच्छ दिसतंय की" हे सांगायला मला फोन करू नका, बाटली भरून लॅबला द्या, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस संपल्यावर.