पहिले सेक्स टॉय निवडताना

पहिल्यांदा सेक्स टॉय घेणारी व्यक्ती बहुधा आकार आणि किंमत पाहते. पाहायला हवे ते आधी हे, की ती वस्तू कशाची बनवलेली आहे. सिलिकॉन, एबीएस नावाचे टणक प्लॅस्टिक, बोरोसिलिकेट काच आणि स्टेनलेस स्टील यांचा पृष्ठभाग सच्छिद्र नसतो, त्यामुळे साबण-पाण्याने ते नीट स्वच्छ होतात. ‘जेली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चिकट, उग्र वासाच्या स्वस्त वस्तूंमध्ये मात्र जंतू टिकून राहू शकतात, आणि त्यांतील पीव्हीसी हे प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी थॅलेट वर्गातील रसायने वापरलेली असू शकतात. सेक्स टॉयच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ साली प्रसिद्ध झाले असले, तरी वेष्टनावर त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. म्हणून कशापासून बनवले आहे हेच जिथे लिहिलेले नाही, ते घेऊ नये.

प्रकार ठरवताना आपल्या शरीराला काय आवडते, हे आपल्याच हाताने आधी कळलेले असेल तर निम्मे काम होते. अनेक स्त्रियांना केवळ योनिप्रवेशाने परमोच्च सुख मिळत नाही, त्यासाठी क्लिटोरिसला, म्हणजे योनिमुखाच्या वरच्या बाजूला असलेल्या संवेदनशील अवयवाला, स्पर्श लागतो. म्हणून पहिली खरेदी बाहेरून वापरण्याच्या छोट्या बुलेट व्हायब्रेटरची, म्हणजे मोटरने कंप पावणाऱ्या लहानशा साधनाची, असणे शहाणपणाचे. आत घालण्याचे साधन हवेच असेल, तर ते दोन बोटांहून जाड नसावे. गुदद्वारासाठीच्या साधनाचा तळ रुंद असलाच पाहिजे, कारण तसा तळ नसलेली वस्तू आत सरकून अडकते आणि मग रुग्णालय गाठावे लागते. पुरुषांसाठीच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे लिंगावर चढवायच्या मऊ नळीमध्ये, दोन्ही बाजूंनी उघडी असणारी घ्यावी. ती धुवायला आणि वाळवायला सोपी जाते.

आवाजाचा विचार सोलापुरातल्या एकत्र कुटुंबात टाळता येत नाही. शेजारी यंत्रमागाची खडखड चालू असेल तर गोष्ट निराळी, पण रात्रीच्या शांततेत स्वस्त मोटरची घरघर भिंतीपलीकडे जाते. वस्तू आल्यावर ती चादरीखाली चालू करून दाराबाहेरून ऐकून पाहावी.

वंगण पाण्याचा आधार असलेले घ्यावे, कारण सिलिकॉनयुक्त वंगणाने सिलिकॉनची वस्तू खराब होऊ शकते. घरातले खोबरेल तेल हाताशी असते खरे, पण ते लेटेक्सचा कंडोम कमकुवत करते, आणि साधन जोडीदारासोबत वापरताना त्यावर कंडोम चढवणेच योग्य असते.

प्रत्येक वापरापूर्वी आणि नंतर सौम्य साबण व कोमट पाण्याने वस्तू धुवावी. मोटर नसलेले शुद्ध सिलिकॉन काही मिनिटे उकळता येते. मोटर असलेले कधीही उकळू नये. वस्तूवर आयपीएक्स७ ही पाण्यापासूनच्या संरक्षणाची श्रेणी लिहिलेली असल्यास ती एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकते, म्हणजे नळाखाली धरायला हरकत नाही. पुसायला मात्र आपला प्रसिद्ध सोलापुरी टॉवेल घेऊ नये: त्याचे तंतू सिलिकॉनला असे चिकटतात, की पुन्हा धुण्यावाचून गत्यंतर उरत नाही. जुन्या सुती धोतराचा तुकडा उत्तम. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळे चार्ज होणारी वस्तू पत्र्याखालच्या माळ्यावर न ठेवता सुती पिशवीत घालून कपाटात ठेवावी.

कायद्याच्या बाबतीत, खासगी वापराला बंदी घालणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. बॉडी मसाजरचा लैंगिक उपयोग होऊ शकतो, एवढ्या कल्पनेवरून सीमाशुल्क विभागाला ते जप्त करता येणार नाहीत, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. खरेदी ऑनलाइन केल्यास पार्सलवर वस्तूचे नाव छापले जाते का, हे आधी विचारावे, आणि वेष्टन उघडल्यावर अशा वस्तू सहसा परत घेतल्या जात नसल्याने, मोटर बिघडलेली निघाल्यास विक्रेता काय करील हेही पैसे भरण्यापूर्वीच वाचून घ्यावे.